कमी केलेलं वजन कमीच राहावं म्हणून

लग्न ठरलं, गुडघा दुखायला लागला किंवा डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं, की माणूस नेटाने वजन कमी करतो. तीन-चार महिन्यांत पाच-सहा किलो उतरतातही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दिवाळी येते, पाहुणे येतात, ऑफिसात मार्चअखेरची धावपळ येते आणि पुढच्या वर्षी काटा होता तिथेच, कधी त्याच्याही वर. मग घरचे म्हणतात, निग्रह कमी पडला. तो माणूस स्वतःही तेच म्हणतो. आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते आणि दर वेळी ते खोडून काढते.

कारण वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला बघतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार घेऊन वजन घटवलेल्या लोकांची त्यांनी वर्षभराने पुन्हा तपासणी केली, तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक अजून चढलेलंच होतं आणि भूक आवरणारं लेप्टिन उतरलेलं. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी तपासले. त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. भूक जास्त आणि खर्च कमी, अशा दुहेरी ओढीपुढे नुसत्या निश्चयावर वर्षानुवर्षं टिकता येत नाही. म्हणून घरातली रीतच अशी लावून घ्यायची, की रोज नव्याने मन घट्ट करावं लागू नये.

पायरी १ : आधी मोजा आणि तपासून घ्या

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची १६० सेंमी आणि वजन ६४ किलो असेल, तर तो २५ येतो. युरोप-अमेरिकेत हा आकडा जास्त वजनाची सुरुवात मानला जातो. भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. त्यामुळे टेप काट्याइतकीच महत्त्वाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सहज सोडायचा आणि पोट आत न ओढता आकडा बघायचा. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेषा आहे.

याच वेळी डॉक्टरांकडे जाऊन साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड बघून घ्या. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, याबद्दल विचारा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत. पर्याय आहे का, एवढं विचारायचं. बऱ्याचदा असतो.

पायरी २ : थोडं उतरवा, मग थांबा

आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के एवढंच पहिलं लक्ष्य ठेवा. ८० किलोच्या माणसासाठी म्हणजे ४ ते ८ किलो. साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी एवढ्यानेही सुधारू लागते. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरे.

लक्ष्य गाठलं की बहुतेक जण लगेच पुढच्या पाच किलोंच्या मागे लागतात. मी तीन महिने थांबायला सांगते. त्या काळात आणखी कमी करायचं नाही, आहे ते राखायचं. वजन राखण्याचा सराव वेगळा असतो आणि तो बहुतेकांनी आयुष्यात कधी केलेलाच नसतो. यात एखादा सण, एखादं लग्न आणि एखादं आजारपण येऊन जातं. त्यातून वजन जागेवर राहिलं, तर पुढची पायरी चढायला हरकत नाही.

पायरी ३ : तेलाच्या कॅनवर तारीख घाला

स्वयंपाकघरात एकच गोष्ट बदलायची असेल, तर ही बदला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला दिवसाला १०८ ग्रॅम, महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे मापाने साडेतीन लिटरच्या आसपास. तूप आणि लोणीही यातच आलं. तुमच्या घरी महिन्याच्या यादीत किती लिटर असतं, ते आठवून बघा.

नवा कॅन फोडला की त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. कढईत कॅनमधून तेल ओतायचं नाही. ओट्यावर एक छोटी बरणी ठेवा आणि दर सोमवारी तिच्यात चौघांसाठी ८०० मिली तेल भरा. ती पुढच्या सोमवारपर्यंत पुरवायची. गुरुवारीच तळ दिसला, तर दोन दिवसांत काय काय तळलं ते आपोआप आठवतं, कुणी कुणाला बोलावं लागत नाही. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. चौघांच्या भाजीला असे दोन चमचे भरपूर होतात. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवलेली भाजी आपल्या आज्या करायच्याच. अळूवडी आणि कोथिंबीरवडी उकडून झाल्यावर तळायची गरज नाही, वरून मोहरी-तिळाची फोडणी घातली तरी चव येते.

दाण्याच्या कुटाकडेही लक्ष द्या. शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं आणि १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. आपण कूट मुठीने घालतो, कोशिंबिरीपासून वांग्यापर्यंत. ते बंद करू नका, मराठी स्वयंपाक त्याशिवाय अनोळखी होईल. डब्यात एक चमचा कायमचा ठेवा आणि मोजून घाला. ओल्या नारळालाही हाच नियम.

पायरी ४ : ताटातल्या वाट्या बदला

आपलं पारंपरिक ताट चांगलंच आहे, प्रमाण बिघडलंय. डाव्या बाजूला कोशिंबीर चमचाभर, उजवीकडे भाजी जेमतेम, मध्ये पोळ्यांची चळत आणि भाताची मूद. पोषण संस्थेच्या त्याच २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, कच्ची डाळ-कडधान्यं ८५ ग्रॅम (मांसाहार करणाऱ्यांनी त्यातला काही भाग अंडी-मासे-चिकनचा धरावा) आणि सगळी धान्यं मिळून २५० ग्रॅम आहेत. घरच्या मध्यम पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते. म्हणजे सकाळचे पोहे, दोन्ही वेळचा भात आणि पोळ्या या सगळ्यांची बेरीज आठ-नऊ पोळ्यांइतकी झाली पाहिजे. बैठं काम करणाऱ्या ठेंगण्या बाईला तेवढ्याही लागत नाहीत. वजन उतरवताना तर सगळंच थोडं खाली येतं. आपला आकडा किती, हे एकदा आहारतज्ज्ञाकडून काढून घ्यावं.

वाढताना क्रम बदला. आधी कोशिंबिरीची वाटी भरून, मग भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण आणि शेवटी पोळी-भाकरी. कोकणात-गोव्यात भात सुटणार नाही आणि सोडायचं कारणही नाही. माशाचा तुकडा मोठा, भात एक वाटी आणि बाजूला तोंडली, वाल किंवा लाल माठाची भाजी, असं ताट उत्तम. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा जास्त वेळ पोटात राहते असा अनेकांचा अनुभव आहे. पण भाकरी मोठी असते, तिच्यात दोन पोळ्यांइतकं पीठ सहज जातं.

शाकाहारी घरांत कमी पडतात ती प्रथिनं. पातळ वरणाच्या वाटीत डाळ फारच थोडी असते. त्यासाठी मोडाची कडधान्यं आठवड्यात बसवून टाका. शनिवारी रात्री अर्धा किलो मटकी भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा, वर झाकण ठेवा. सोमवारी सकाळपर्यंत बोटाच्या पेरभर मोड येतात. त्याचे तीन भाग करून हवाबंद डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा. एकाची उसळ, एक वाफवून कांदा-टोमॅटो-लिंबू घालून संध्याकाळच्या भुकेला, एक पोह्यांत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला फरसाणाचा डबा उघडतो, कारण त्या वेळी हाताशी दुसरं काही तयार नसतं. तिथे मटकी ठेवली की निम्मं काम होतं.

चहाचा हिशोबही एकदा मांडा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे आठ चमचे, ३५ ते ४० ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दर पंधरवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी केली तर जीभ कुरकुर करत नाही. गुळाचा चहा हा मार्ग नव्हे, गुळाच्या कॅलरी साखरेइतक्याच असतात. चहासोबतची खारी आणि बिस्किटं मात्र घरात आणूच नयेत.

पायरी ५ : उपास आणि सण आधीच ठरवून ठेवा

वजन परत येतं ते बहुतेकदा याच दारातून. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावालाच. त्यात कूट, बटाटा आणि तूप पडतं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार धरले तर असे दिवस बरेच होतात. उपास श्रद्धेचा असेल तर तो जरूर करा. जेवणात भगर आणि दाण्याची आमटी बेताने, सोबत काकडीची कोशिंबीर, ताक आणि एक फळ घ्या. राजगिऱ्याची भाकरी चालत असेल तर फारच छान. खिचडी खायचीच असेल, तर एक बशी आणि तेवढंच जेवण. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो, म्हणून दिवसभर रिकाम्या पोटी राहून रात्री साडेनऊला ताटभर जेवण होतं. संध्याकाळी दूध आणि फळ घेतलं की रात्रीचा हात आवरतो.

सणाच्या दिवशी गोड खा आणि आनंदाने खा. होळीला पुरणपोळी असेल तर तीच जेवण धरा. दूध किंवा तुपासोबत दोन, बाजूला कटाची आमटी आणि कोशिंबीर. भजी, कुरडया आणि मसालेभात पुन्हा कधीतरी. गणपतीत उकडीचे मोदक तळणीच्यांपेक्षा केव्हाही बरे. दिवाळीचं नुकसान चार दिवसांत होत नाही, ते नंतरच्या पंधरा दिवसांत डबे रिकामे करताना होतं. म्हणून फराळ भाऊबीजेला संपेल एवढाच करा. उरलाच तर वाटून टाका.

दिवसातून दोनदाच जेवायची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी अवलंबली आहे. ज्यांना ती सहज जमते त्यांनी जरूर पाळावी, अधूनमधून होणारं खाणं तिच्यामुळे थांबतं. पण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते, बेशुद्धीही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर हे प्रयोग करूच नयेत.

पायरी ६ : चालणं, आणि जूनची तयारी

अमेरिकेत १९९४ पासून एक राष्ट्रीय नोंदवही आहे. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची ती नोंद ठेवते. ही माणसं स्वतःहून नाव नोंदवतात, त्यामुळे त्यांच्या सवयी म्हणजे सगळ्यांना लागू पडणारा पुरावा नव्हे. तरीही चित्र बोलकं आहे. त्यातले सुमारे ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि सर्वांत जास्त पसंती साध्या चालण्याला आहे.

तास एकगठ्ठा मिळत नाही, तो तुकड्यांत काढा. सकाळी अर्धा तास, दोन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, उरलेलं रिक्षा एक चौक आधी सोडून. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. आपल्याकडे सवय तुटते ती पावसाळ्यात. जूनमध्ये रस्ते चिखलाने भरले की चालणं थांबतं आणि दसऱ्यापर्यंत सुरू होत नाही. त्यामुळे मे महिन्यातच ठरवून ठेवा: इमारतीचे जिने, पार्किंगमधल्या फेऱ्या, गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या किंवा सूर्यनमस्कार.

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू गेले की शरीराचा खर्च आणखी घटतो. म्हणून आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यावर उचलणं, एवढ्यापासून सुरुवात होते. पन्नाशीनंतर हे चालण्याइतकंच गरजेचं आहे.

झोप सात तास. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि ती गोडाची असते.

पायरी ७ : काट्याला तीन रंग

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. आठवड्यातून एकदा तरी, जमल्यास रोज. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड किंवा पाळीचे दिवस यानेही किलो-दीड किलो वर जातं. आठवड्याची सरासरी बघा. रोजच्या आकड्याने ज्यांचा जीव खाली-वर होतो, त्यांनी महिन्यातून दोनदा कमरेची टेप लावावी.

अमेरिकेतच २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वजन उतरवलेल्या लोकांना सिग्नलसारखे रंग दिले होते. त्याच धर्तीवर, टिकवायच्या वजनापासून सव्वा किलोपर्यंत वर असाल तर हिरवा, सव्वादोन किलोपर्यंत पिवळा, त्याच्या वर लाल. हिरव्यात आहे तेच चालू ठेवायचं. पिवळ्यात तेलाची बरणी, पाचचं खाणं आणि चालणं या तिन्हींपैकी काय सुटलं ते शोधून दुरुस्त करायचं. लाल झाला की आहारतज्ज्ञाला फोन, त्याच आठवड्यात. दोन किलो उतरवणं सोपं असतं. दहा झाल्यावर माणूस काट्यावर उभं राहायचंच टाळतो.

त्या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. नुसती पत्रकं मिळालेल्या गटातल्या ७२ टक्के लोकांचं वजन दीड वर्षात २.३ किलो किंवा त्याहून जास्त परत वाढलं. प्रत्यक्ष भेटणाऱ्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होतं.

पायरी ८ : माणसं जोडा

सोसायटीतल्या, ऑफिसातल्या किंवा भजनी मंडळातल्या चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी भेटा. त्या दिवशी प्रत्येकाने आपला रंग सांगायचा, किलो सांगायची गरज नाही. या आठवड्यात काय जमलं आणि कुठे अडलं, एवढंच बोलायचं. दुसऱ्याच्या शरीरावर शेरा मारायचा नाही, हा पहिला नियम. 'जाडे', 'गोलू' अशा थट्टेने कुणाचं वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही. चोरून खाणं मात्र वाढलेलं पाहिलं आहे, विशेषतः मुलांमध्ये.

घरात बाईचं वेगळं पथ्याचं जेवण शिजवण्याची पद्धत फार टिकत नाही. सगळ्यांना पोळी-भाजी वाढून स्वतः उकडलेलं खाणारी बाई महिन्याभरात थकते. कमी तेलाची भाजी सगळ्या घराची व्हायला हवी, आणि ती घरातल्या पुरुषालाही करता यायला हवी.

आग्रहाला आपल्याकडे मान आहे, त्याला तोडून बोलू नये. सासूबाई वाढायला आल्या, "अगं, एवढीशी तर आहे, घे", तर "मी डाएटवर आहे" म्हटलं की वाद सुरू होतो. "आई, पोळी अप्रतिम झालीय. आत्ता पोट भरलं, उद्या डब्यात नेते" म्हटलं की त्यांचाही मान राहतो. पंगतीत ताटात एक वाटी भरलेली ठेवली, तर वाढपी पुढे सरकतो. आणि आग्रह करणाऱ्यांनी दोनदा विचारून थांबावं, ही माझी कळकळीची विनंती.

पायरी ९ : मदत कधी मागायची

वजन पुन्हा चढलं, तर नवं डाएट शोधू नका आणि शिक्षा म्हणून उपाशी राहू नका. पायरी ३ पासून सुरू करा. बाळंतपण, मोठं आजारपण, रजोनिवृत्ती, नोकरी सुटणं किंवा घरातलं माणूस जाणं, अशा काळात फक्त वजन वाढू न देणं हेच लक्ष्य पुरेसं आहे.

२०२५ मध्ये वजनासाठीची सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं भारतात आली. ती प्रभावी आहेत आणि काहींना त्यांची खरीच गरज असते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत, औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. त्यामुळे सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा: हे किती काळ घ्यायचं, महिन्याचा खर्च किती, थांबवायचं झालं तर कसं, आणि स्नायू टिकवण्यासाठी काय खायचं. ओळखीतल्या कुणाचं बघून दुकानातून आणू नका.

काही लक्षणांत थांबून चालत नाही. प्रयत्न न करता वजन झपाट्याने घटणं, अचानक वाढून पाय सुजणं, झोपेत जोराने घोरून श्वास अडकणं, यासाठी लगेच डॉक्टरांकडे जा. खाण्यावरचा ताबा सुटून लपून भरमसाट खाल्लं जात असेल, नंतर उलटी काढली जात असेल किंवा मुलगी दिवसेंदिवस जेवणच टाळत असेल, तर हा मानसोपचाराचा विषय आहे, रागावण्याचा नव्हे. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.